सुतळीचा दोष

"हल्ली सुतळीच नीट येत नाही," वहिनी सुतळीच्या रिळाला म्हणाली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, पण हे मला उद्देशून नव्हतं. आमच्या दुकानात सगळंच हातभर अंतरावर असतं. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान, आणि मधे जी बोळाएवढी जागा उरली तिला दार लावून आम्ही फुलं विकतो. पुढे काउंटर, त्याला लागून वहिनीचं टेबल, मागे पडदा आणि पडद्यामागे गार खोली. खोली आपलं म्हणायचं. दोन माणसं आत शिरली तर एकाला श्वास घ्यायला बाहेर यावं लागतं. त्यामुळे कुणी काही पुटपुटलं तरी ते सगळ्यांना ऐकू जातं, आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची सवय प्रत्येकाला आपोआप लागते.

त्या दिवशीही मी न ऐकल्यासारखं केलं. वहिनीने तयार बुके टेबलावर ठेवला नाही. बादलीत सोडला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि दुकान तिचं. बावीस वर्षांपूर्वी तिने ते काढलं तेव्हा तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती गावातल्या चांगल्या दुकानांतून बुके विकत आणायची आणि घरी स्वयंपाकघरात बसून ते एकेक देठ मोजत सोडवायची. दादा तेव्हा नव्या नवऱ्याच्या उत्साहात होता. बायको फुलं घेते म्हणजे तिला फुलं आवडतात असं समजून त्यानेही दोन-तीन आणून दिले. तिने तेही सोडवले.

दादाचं काम गाडी. पहाटे बाजारात जायचं, फुलं भरून आणायची, दुपारी ऑर्डरी पोचवायच्या. तो मुळात कमी बोलतो, आणि जे बोलतो ते बायकोला दुजोरा देण्यापुरतं. मी काउंटरवर. ज्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायची तो बंद पडला, आणि वहिनी म्हणाली, घरी बसून भिंतींच्या चुका काढण्यापेक्षा दुकानात ये. फुलांबरोबर जाणारी कार्डं मी लिहिते. लोकांना फुलं निवडता येतात, शब्द सुचत नाहीत. एकदा एका नवऱ्याने मला विचारलं होतं, माफीच्या कार्डावर काय लिहितात. मी म्हटलं, आधी गुन्हा सांगा. त्याने दहा मिनिटं विचार केला आणि नुसताच गुच्छ घेऊन गेला.

चौथी म्हणजे दादा-वहिनीची सून. त्यांच्या मुलाला फुलांनी शिंका येतात, तो दुकानाच्या दारापर्यंतच येतो आणि रुमालाआडून बोलतो. बायको मात्र त्याने अशी केली की ती पहिल्याच आठवड्यात टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आई, मला शिकवा.

वहिनीने शिकवायला घेतलं आणि पाचव्या देठाला थांबली. सून डावखुरी.

इथे जरा कामाचं सांगावं लागेल. हातात बांधायचा बुके कसा असतो, तर डाव्या मुठीत पहिलं फूल धरायचं आणि उजव्या हाताने दुसरं त्यावर तिरकं टेकवायचं. तिसरं दुसऱ्यावर, चौथं तिसऱ्यावर, सगळी एकाच दिशेला तिरकी. मूठ सोडायची नाही. चाळीस देठ झाले की मुठीपाशी कंबर तयार होते, वर फुलं पसरतात आणि खाली देठ घागऱ्यासारखे उघडतात. याला आम्ही पीळ म्हणतो. मग कमरेला सुतळी बांधायची, देठ खालून एका रेषेत कापायचे, आणि बुके टेबलावर उभा करायचा. नुसता, आधाराशिवाय. उभा राहिला तर काम झालं. एक देठ जरी उलट्या बाजूने गेला, किंवा मधेच मूठ सैल पडली, तर तो आडवा होतो. वहिनीचा प्रत्येक बुके टेबलावर उभा राहायचा आणि गिऱ्हाईक येईपर्यंत तसाच उभा असायचा. लोकांना ते बघायला आवडायचं. आमच्या दुकानाचं नाव जे काही झालं ते याच्यावर.

डावखुऱ्या माणसाच्या हातून पीळ उलटा पडतो. वहिनीचे देठ घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतात, सुनेचे त्याच्या उलट. बुके दोन्ही उभे राहतात, गिऱ्हाइकाला शंभर वर्षांत कळणार नाही. पण वहिनीला ते बघवेना. ती म्हणाली, मला आरशात बघून काम केल्यासारखं वाटतं, चक्कर येते. शिकव म्हटलं तर हसायला लागायची. शेवटी सून स्वतःच शिकली, मागे गार खोलीत, उरल्यासुरल्या फुलांवर. वहिनीने तिचं नाव डावरी ठेवलं आणि तिला देठ सोलायला, काटे काढायला, पाणी बदलायला ठेवून घेतलं. बांधायचं काम टेबलावर, आणि टेबल एकच. हे डावरीला मान्य होतं की नाही हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पहिला बुके पडला तो आठ महिन्यांपूर्वी. शेजारचा चष्मेवाला बायकोच्या वाढदिवसासाठी घ्यायला आला होता. वहिनीने बांधला, कापला, टेबलावर ठेवला आणि हात काढला. बुके क्षणभर उभा राहिला, मग डुलकी आलेल्या माणसासारखा कलला आणि सावकाश आडवा झाला. दुकानात आम्ही पाचजण होतो.

"सुतळी," वहिनी म्हणाली.

"मलाही वाटलंच," दादा म्हणाला. "या खेपेची सुतळी जरा सैलच आहे."

झालं. त्या एका वाक्याने आम्ही सगळे सुतळीच्या बाजूचे झालो.

दुसऱ्या दिवशी दादाने नवं रीळ आणलं. मग सुती दोरा आणला, मग मेण लावलेला, मग एक हिरवा प्लास्टिकचा, जो बघून वहिनी म्हणाली, याने काय म्हैस बांधायची आहे का. दर आठवड्याला नवीन काहीतरी यायचं आणि दर आठवड्याला त्याच्यात काहीतरी खोट निघायची. टेबलाखालचा खण दोऱ्यांनी भरला. शेवटी दादाने आमच्या नेहमीच्याच दुकानातली नेहमीचीच सुतळी आणली, फक्त तिच्यावरचा कागद काढून दुसरा गुंडाळला. वहिनी म्हणाली, ही त्यातल्या त्यात बरी आहे. दादा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळत होता.

दोष कशात आहे ते दिसत होतंच. वहिनी नळ मनगटाने उघडायला लागली होती. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची आणि म्हणायची, गार वाटतंय. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठीसारखं आलं होतं, ते ती बोलता बोलता उजव्या हाताने दाबायची आणि आपण दाबतोय हे लक्षात आलं की त्याच हाताने केस सारखे करायची. चाळीस देठ मुठीत धरायचे म्हणजे दहा मिनिटं अंगठा हलवायचा नाही. तिचा पाचव्या मिनिटाला हलायचा. मूठ सैल पडायची, देठ घसरायचे, ती ते पुन्हा सारखे करायची. वरून फुलं पहिल्यासारखीच सुंदर दिसायची. म्हणून तिने बुके टेबलावर उभे करणं सोडलं. थेट बादलीत. बादलीत काय, काहीही उभं राहतं.

मग बादली मागे जायची. डावरी म्हणायची, आई, जरा गार करून आणते. पडद्यामागून कात्रीचा एक बारीक आवाज यायचा, सुतळी कापल्याचा. त्या वेळी मी काउंटरवरून वहिनीला काहीतरी विचारायचे. कार्डावर 'प्रिय' लिहू का 'स्नेही', या गिऱ्हाइकाचा तिसरा मुलगा परदेशात असतो का दुसरा. वहिनी म्हणायची, वन्सं, तुम्हाला आज बोलायची फारच हौस आली आहे. वन्सं ती मला फक्त टोमणा मारायचा असला की म्हणते. एरवी माझं नाव घेते. दहा मिनिटांनी डावरी बादली घेऊन बाहेर यायची. आतला बुके आता उभा राहणारा असायचा.

आम्ही तिघांनी यावर आपसांत एकदाही बोलणं केलं नाही. दादा सुतळी आणायचा, मी बोलायचे, डावरी बांधायची. ठरवून केलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं.

एकदाच, भांडी घासताना, डावरी मला म्हणाली होती, "आत्या, परवा एक बाई आईंना म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे. आई काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, सवय आहे हो." ती हसली नाही, चिडलीही नव्हती. तवा घासत राहिली. मग म्हणाली, मी बांधते याचं काही नाही, पण त्यांना कळलं तर टेबलापाशी त्या पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. मी तिला म्हटलं, तवा झाला असेल तर दे. भीती आम्हा सगळ्यांना तीच होती. वहिनीला टेबलामागून उठवलं तर बसवायचं कुठे? ती कुठेही बसली असती तरी ती वहिनी राहिली नसती.

अशात एका नवरीची मावशी आली.

तिला आमच्याकडे कुणी पाठवलं देव जाणे. उंच, घाईतली बाई, हातात वही. भाचीच्या लग्नाचं दुपारचं जेवण, चोवीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर एक बुके. पण फुलदाणी नको. तिने कुणाच्या तरी घरी आमचा बुके पसरट ताटलीत दोन बोटं पाण्यात नुसता उभा पाहिला होता. तो म्हणे खुर्ची नसतानाही ताठ बसलेल्या बाईसारखा दिसत होता. तिला तसे चोवीस हवे होते. आणि मांडायला वहिनीने स्वतः यायला हवं होतं.

मी ऑर्डरींच्या वहीत बघत राहिले. दादा दारातल्या बादल्या आत घ्यायला लागला, भर सकाळी. पडद्यामागे पाण्याचा आवाज थांबला.

"होईल की," वहिनी म्हणाली. "शनिवार ना? होईल."

आठवडाभर बुके उभे राहतील का हा विषय कुणी काढला नाही. दादा फक्त दोनदा म्हणाला, शनिवारी मांडायला मी आणि डावरी जातो, तू कशाला दगदग करतेस. वहिनी म्हणाली, माझं नाव घेऊन बोलावलंय, तुमचं नाही.

शनिवारी उजाडताच आम्ही दुकान उघडलं. पांढरे गुलाब, फिकट गुलाबी कार्नेशन, नीलगिरीच्या डहाळ्या. डावरीने देठ सोलून गठ्ठे लावले आणि वहिनीने पहिला हातात घेतला. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघत होते. ती भराभर बांधत होती, पूर्वीपेक्षाही भराभर. अंगठा दमायच्या आत संपवायचं असं तिने मनाशी ठरवलं असावं. चौथ्या बुकेनंतर तिने डावा हात जरा वेळ थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. म्हणाली, काटा लागला. कार्नेशनला काटे नसतात आणि गुलाबांचे डावरीने काढले होते.

बादल्या मागे जात राहिल्या. मला चोवीस कार्डं लिहायची होती, ती हळूहळू लिहिली आणि प्रत्येक नावाबद्दल शंका काढली. तेराव्यानंतर वहिनी म्हणाली, वन्सं, छापखाना बंद पडला तो तुमच्यामुळेच पडला असणार. पडद्यामागे डावरीची कात्री चालू होती. मधे एकदा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. ती खाली बसली होती, मांडीवर ओला टॉवेल, आणि वहिनीचा बुके तिने फरशीवर उभा करून बघितला होता. तो उभा होता. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. आम्ही दोघी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिलो. तिने तो तसाच्या तसा बाजूला ठेवला आणि दुसऱ्याची सुतळी कापली.

अकराच्या सुमारास सगळं गाडीत चढलं.

हॉल मोठा होता आणि आत पंख्यांचा तेवढा आवाज होता. पांढरी टेबलं, ताटल्या आधीच मांडलेल्या. दादाने बादल्या आणून दिल्या, डावरी आणि मी पाणी ओतत गेलो, वहिनी एकेक बुके उचलून ताटलीत ठेवत गेली. पहिला ठेवताना तिने तो सोडला नाही. बोटं कमरेभोवती तशीच ठेवून ती उभी राहिली. मग हात काढला. बुके उभा राहिला. दुसरा राहिला. पाचव्या-सहाव्याला तिच्या खांद्यांतला ताठरपणा गेला, ते मला मागूनही दिसलं. दहाव्याला ती पूर्वीसारखी एका हाताने ठेवून पुढे जात होती. चोविसावा ठेवला तेव्हा मला वाटलं, झालं, पार पडलं.

तेवढ्यात नवरीची मावशी फोटोवाल्याला घेऊन आली. तिला गंमत दाखवायची होती, म्हणून वहिनीलाही तिने जवळ बोलावून घेतलं. तिने पहिल्या टेबलावरचा बुके सरळ ताटलीतून वर उचलला, पाणी ठिबकत होतं तसाच, आणि आडवा करून देठ त्याच्यापुढे धरले. "बघा, खाली काही नाही, नुसते देठ. हे सगळं या बाईंच्या हातात आहे."

देठ वहिनीच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होते. सगळे उलट्या दिशेने फिरलेले.

वहिनी म्हणाली, "सवय आहे हो."

मावशी आणि फोटोवाला पुढे गेले. वहिनीने तो बुके ताटलीत परत ठेवला, टेबलक्लॉथवरचं पाणी पुसलं, आणि दुसऱ्या टेबलापाशी जाऊन वाकली. ताटलीच्या पातळीवर डोळे नेऊन बघितलं. मग तिसऱ्या. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई किती चोखंदळ आहे, प्रत्येक टेबल तपासते. डावरी रिकामी बादली हातात घेऊन भिंतीशी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

वहिनी चोवीसही टेबलं फिरली. एकोणिसाव्यापाशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, ती जास्त वेळ थांबली. तिथल्या बुकेचे देठ घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत होते. एक गुलाब जरा खाली गेला होता, तो तिने दोन बोटांनी वर ओढला. वाढपी ताट घेऊन आला तेव्हा ती बाजूला झाली.

परत येताना दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मागे रिकाम्या बादल्यांमधे मी आणि डावरी. बादल्या एकमेकींवर आपटत होत्या. डावरी त्यांना पायाने धरून ठेवायचा प्रयत्न करत होती. बोलणं ऐकू यावं म्हणून की येऊ नये म्हणून, ते मला सांगता येणार नाही. वहिनीचे हात मांडीवर होते, तळवे वर, कुणी काही ठेवेल म्हणून धरल्यासारखे.

तिसऱ्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती काचेतून बाहेर बघत म्हणाली,

"आजची सुतळी चांगली निघाली म्हणायची. चोवीसच्या चोवीस उभे राहिले."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. मला पटकन काहीतरी विचारायला हवं होतं, मुलाचं, कार्डाचं, उद्याच्या ऑर्डरीचं. मी तोंड उघडलं. डावरीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, ओला, नीलगिरीचा वास येणारा.

यापुढचं वाक्य दादाचं होतं. आठ महिने तेच होतं. हो, या खेपेची जरा घट्टच आहे, उद्या आणखी दोन रिळं आणून ठेवतो. आम्ही तिघीही ते ऐकायला तयार बसलो होतो, वहिनीसुद्धा. सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. दादाने गिअर टाकला नाही. त्याने डावा हात गिअरवरून काढला, तिच्या मांडीवरचा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथे गाठ होती, तिथे आपला अंगठा ठेवला.

"सुतळी पहिल्यापासून तीच आहे गं," तो म्हणाला. "तुझ्या हाताला आता धरवत नाही."